पेटीवरचं घोंगडं

कळस आणि अंथुर्णे या गावांच्या मधल्या माळावर, जिथं कुसळाशिवाय दुसरं काही धड उगवत नाही, तिथं पुण्याच्या एका संस्थेनं लोखंडी जाळीची एक भली मोठी थाळी उभी केली, आणि आसपासच्या गावांनी तिचं नाव ठेवलं छत्री. छत्री दिवसभर सूर्याकडं तोंड करून त्याच्यामागं फिरायची. सूर्य जसा उजेड देतो तशा रेडिओलहरीही सोडतो. त्या झेलायच्या, वाढवायच्या आणि खोलीतल्या यंत्राच्या पेननं कागदाच्या गुंडाळीवर त्यांची रेघ काढायची, एवढाच सगळा कारभार. पण हे लोकांना सांगणार कोण? त्यातून गावोगाव टीव्हीच्या छत्र्या आल्या, मग तर बोलायलाच नको. ज्ञानेश मारकड एसटीतून उतरला की कुणीतरी हटकायचंच, "काय सायेब, एवढी मोठी छत्री, चॅनल किती दिसत्यात?"

"एकच," ज्ञानेश म्हणायचा. "दिसभर सूर्व. जाहिराती न्हाईत."

ज्ञानेश कळसचाच. धनगराघरचा. शाळा भवानीनगरला, पुढं पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सचं एम.एस्सी., आणि सत्त्याऐंशी साली या केंद्रावर नेमणूक. हुद्दा मोठा भारदस्त होता, उपकरण साहाय्यक शास्त्रज्ञ. त्यातला शास्त्रज्ञ पगाराच्या कागदापुरता, बाकी सगळं साहाय्य! उंदरांनी कुरतडलेली केबल जोडा, थाळीच्या दात्यांना ग्रीस लावा, रोज सकाळी यंत्राचं माप तपासून घ्या, वीज गेली की जनरेटरकडं पळा. पुण्याहून संशोधक यायचे, कागदाच्या गुंडाळ्या काखोटीला मारून जायचे, त्यावर लेख लिहायचे, आणि लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात असायचं, 'केंद्रावरील तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार.' अकरा वर्षं ज्ञानेशचं छापील नाव हेच होतं. कर्मचारी.

माणूस स्वभावानंच अस्वस्थ. जेवायला बसला तरी कान यंत्राच्या घरघरीकडं. बायको, रतन, वैतागून म्हणायची, "हितं ताटावर बसलाय तर हितंच ऱ्हावा की! त्या छत्रीला काय पाय फुटलं न्हाईत पळून जायाला." पण त्याला चैन पडायचं नाही. रेघ जरा वाकडी झाली की हा ताटावरून उठलाच.

आणि अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात रेघ रोजच वाकडी व्हायला लागली. त्याला कारण उन्हाळा. थाळीच्या पायथ्याशी एक लोखंडी पेटी होती, तीत आलेली लहर वाढवणारं यंत्र बसवलेलं. ते यंत्र मोठं नाजूक. तापलं की त्याचा जोर ओसरायचा आणि खोलीतली रेघ आपोआप खाली यायची. सूर्य बिचारा जागच्या जागी, अन् कागदावर तो मलूल! ज्ञानेशनं पुण्याला पत्र लिहिलं, पेटी थंड ठेवायची काहीतरी सोय करा. उत्तर आलं की प्रस्ताव पुढच्या वर्षी विचारात घेऊ. पुढच्या वर्षी! तोवर उन्हानं काय वाट बघायची?

त्या रविवारी तो घरी ओसरीवर बसला होता. समोर त्याच्या वडिलांची, जोतीरामआबांची, पाण्याची कळशी होती. आबांनी उभी हयात मेंढरांमागं काढलेली. मेंढरं विकून आता तीन एकर ऊस करत होते, पण खांद्यावरचं घोंगडं आणि कळशीभोवती गुंडाळलेलं ओलं घोंगडं, ह्या दोन गोष्टी काही सुटल्या नव्हत्या. ज्ञानेश कळशीतलं पाणी प्यायला. गार. बाहेर बेचाळीस डिग्री असेल. तो तसाच तांब्या हातात धरून बसला आणि मग एकदम म्हणाला, "आबा, जुनं घोंगडं हाय का एखादं?"

"हाय की. कशाला?"

"छत्रीच्या पेटीवर घालतो. ओलं करून."

आबा इतके खूश झाले की विचारू नका. आतनं स्वतः काढून, झटकून दिलं. "त्येंच्या पुण्यात हाय का आसलं? न्हाय ना! मग घाल."

पंधरा एप्रिलला, बुधवारी, घोंगडं पेटीवर चढलं. पहिले दोन दिवस ज्ञानेशनं स्वतः दर अर्ध्या तासाला त्यावर पाणी मारलं. रेघ सरळच्या सरळ! मग त्यानं ते काम केंद्रावरच्या धोंडाबाईकडं सोपवलं, आणि रोज सकाळच्या गारव्यात माप बरोबर येतंय म्हणून तो निर्धास्त राहिला. धोंडाबाई झाडलोट करायची, फाटक सांभाळायची, अंथुर्ण्याची. "सुकलं की पाणी मारायचं, बाई. सुकू द्यायचं नाही."

"आवं, एवढंच ना? मारते की."

आता राहिली लॉगबुकातली नोंद. केंद्राचा नियम असा, की यंत्राला एक खिळा जरी ठोकला तरी लॉगबुकात लिहायचं. लॉगबुक इंग्रजीत. ज्ञानेश पेन घेऊन पाव तास बसला. घोंगड्याला इंग्रजीत काय म्हणायचं? शब्द सापडला असता, नाही असं नाही. पण डोळ्यापुढं पुण्यातली मंडळी दिसायला लागली. चष्म्यातून वाचतायत, एकमेकांना दाखवतायत. मारकडनं रेडिओ दुर्बिणीवर घोंगडं घातलं बरं का! मेंढरं कधी आणतोय विचारा! त्याची कानशिलं तापली. शेवटी त्यानं तीनच शब्द लिहिले, 'बॉक्स कूलिंग ओके', आणि वही मिटली.

*

अनिता रासकर बारामतीची. माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, शेती करणाऱ्या घरातली हुशार मुलगी, पुण्याच्या संस्थेत पीएच.डी. करत होती. दर शनिवारी ती केंद्रावर यायची, आठवड्याच्या गुंडाळ्या उलगडून बसायची. ज्ञानेश तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला सर म्हणायची, दोघंही एकमेकांना मोठं करायचे. तिची शिष्यवृत्ती जुलैत संपत होती, आणि हाताशी दाखवण्याजोगं काही नव्हतं. सूर्य गेली दोन वर्षं शांत होता, त्याला ती तरी काय करणार?

मे महिन्यात ती एके शनिवारी गुंडाळीवर ओणवी झाली ती उठेचना. रेघेवर बारीक बारीक उठाव होते. दहा-बारा मिनिटांत रेघ हळूहळू चढायची आणि मग तास-दीड तासानं हळूहळू उतरायची. सूर्यावर असे मंद उठाव होतात, हे पुस्तकात होतं. पण एवढे बारीक आणि एवढ्या संख्येनं ते कुणी पकडले नव्हते. तिनं त्यातले ठळक सतरा उठाव वेचले, आकडेमोड केली, लॉगबुक पानन्‌पान तपासलं. यंत्राला काही झालेलं नव्हतं. 'बॉक्स कूलिंग ओके' वाचून तिला वाटलं, सरांनी पंखा बसवला. पायथ्याचं घोंगडंही तिनं लांबून पाहिलं होतं. धोंडाबाईनं वाळत घातलंय असं समजून तिनं तोंड फिरवलं होतं.

तीस मेच्या शनिवारी तिनं टाईप केलेला लेख ज्ञानेशच्या पुढ्यात ठेवला. पहिल्या पानावर, मथळ्याखाली, दोन नावं होती. पहिलं तिचं. दुसरं ज्ञानेश जोतीराम मारकड.

"मॅडम, हे काय?"

"काय म्हणजे? यंत्र तुम्ही नीट ठेवलंत म्हणून तर दिसलं. शुक्रवारी बंगळूरच्या नियतकालिकाला रजिस्टरनं पाठवणार. गुरुवारी मी येते, तुमची सही लागेल."

ज्ञानेशनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं चहा आणायच्या निमित्तानं लपवलं. चहा आला. अनिता मजेत होती. "एक गंमत सांगू सर? आठवड्याच्या सगळ्या वारांना उठाव आहेत, पण गुरुवारी एकही नाही. सहा आठवडे झाले. सूर्य गुरुवारी सुट्टी घेतो!"

ज्ञानेश हसला. हसता हसता त्यानं कप खाली ठेवला.

गुरुवारी बारामतीचा बाजार. गुरुवारी धोंडाबाई कोंबड्या विकायला जायची. सकाळी सातला पेटीवर एक बादली उपडी करायची, ती पार संध्याकाळी यायची.

म्हणजे? म्हणजे बाकीच्या दिवशी बाई कामातनं वेळ मिळेल तशी यायची. तोवर घोंगडं सुकलेलं, पेटी तापलेली, रेघ उतरलेली. मग बाईनं कळशी ओतायची, पेटी गार व्हायची, आणि रेघ चढायची. दहा-बारा मिनिटांत, हळूहळू. सूर्यावर काहीसुद्धा झालेलं नव्हतं. जे काही होत होतं ते धोंडाबाईच्या कळशीत.

"सर, चहा गार होतोय," अनिता म्हणाली.

*

ते पाच दिवस ज्ञानेशनं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. पाय भाजलेल्या मांजरासारखा नुसता येरझाऱ्या घालत होता. सोमवारी तो रेघेसमोर ठाण मांडून बसला. साडेअकराला धोंडाबाई कळशी घेऊन निघालेली खिडकीतनं दिसली. त्यानं घड्याळ धरलं. अकरा मिनिटं. अनितानं लिहिलं होतं तस्सं. दुपारी बाई पुन्हा निघाली तेव्हा त्यानं रेघेकडं पाहिलंच नाही, उठून ग्रीसचा डबा घेतला आणि आधीच ग्रीस लावलेल्या दात्यांना पुन्हा ग्रीस लावत बसला.

रात्री जेवताना त्यानं रतनला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकली.

"कुणाला कळलंय ह्ये?"

"कुणालाच न्हाय. मला आन् तुला."

"मग गप ऱ्हावा की. सूर्व काय साक्षीला येणार हाय? झाकली मूठ ऱ्हाऊ द्या झाकलेली."

"अगं, पर ते खोटं हाय."

"आन् अकरा वर्सं तुमी राबला आन् नावं दुसऱ्यांची छापली, ते खरं व्हतं व्हय? तवा कोण बोललं? आज एकदा तुमचं नाव यायची येळ आली तर तुमालाच खाज सुटलीया!" तिचा आवाज चढला. मग ती खाली बघून म्हणाली, "आबांनी समद्या गावाला सांगितलंय. त्येंच्या तोंडाकडं बघा जरा."

हे मात्र खरं होतं. आबांना पोराच्या नावाची बातमी शनिवारीच धोंडाबाईच्या तोंडून कळली होती, आणि आबांना कळली म्हणजे कळस गावाला कळली. बिरोबाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर ते रोज संध्याकाळी तेच लावून बसत होते. "आमच्या ज्ञानूचं नाव पुस्तकात येणार. सूर्वावर लिवलंय त्येनं. आन् सूर्वाच्या यंत्रावर घोंगडं कुणाचं? माजं!" कुणी म्हणालं, आबा, सूर्याला थंडी वाजती का, तर त्याच्यावर काठी उगारली.

ज्ञानेशला झोप लागेना. त्याचं एक मन म्हणे, सतरा उठाव, कोण तपासतंय? दुसरं म्हणे, कोणीतरी तपासेल. दुसऱ्या देशात तोच सूर्य दुसरी थाळी बघते आहे, तिथं काहीच दिसणार नाही, आणि मग त्या पोरीचं नाव जन्मभराचं गेलं. राखण करायला ठेवलेल्या कुंपणानंच शेत खाल्लं! आणि सगळ्यात बोचत होतं ते वेगळंच. घोंगडं घातलं ही चूक नव्हती. घोंगड्यानं काम चोख केलं होतं. चूक त्या तीन शब्दांत होती.

*

गुरुवारी, चार जूनला, सकाळी नऊच्या एसटीनं अनिता आली. हातात पाकीट, पत्ता लिहिलेला, फक्त चिकटवायचं बाकी. तिनं सहीचा कागद टेबलावर ठेवला. "इथं सर. नावासमोर."

ज्ञानेशनं पेन उचललं. खिडकीतून धोंडाबाई दिसत होती. इरकली लुगडं नेसलेली, डोक्यावर पाटी, पाटीत पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, फाटकाकडं निघालेली. त्यानं पेन खाली ठेवलं आणि खिडकीतूनच हाक मारली, "बाई! आज बाजाराला जाऊ नका!"

"आँ? आवं सायेब, कोंबड्या बांधल्यात की!"

"सोडा त्यांना. कळशी भरून पेटीपाशी थांबा."

धोंडाबाईनं पाटी आपटली आणि साहेबाच्या सात पिढ्यांचा हळू आवाजात उद्धार करत नळाकडं गेली. अनिता बघतच राहिली. "काय चाललंय सर?"

"मॅडम, थाळी फिरवतो. सूर्यापासून लांब. रिकाम्या आकाशाकडं."

"का?"

"सांगतो. आधी बघा."

थाळी कुरकुरत फिरली. सूर्य पूर्वेला, थाळी उत्तरेला. रेघ खाली उतरली आणि सरळ चालू लागली, कारण समोर काहीच नव्हतं. दहाचे साडेदहा झाले, साडेअकरा झाले. पेटी तापली, रेघ जराशी आणखी उतरली. ज्ञानेशनं खिडकीतून हात केला. धोंडाबाईनं कळशी ओतली.

एक मिनिट काही नाही. तीन मिनिटांनी पेन हललं. मग चढायला लागलं, हळूहळू, एकसारखं, काडीइतकंही न थरथरता. अनिता खुर्चीवरून उठली. तिनं घड्याळ पाहिलं, थाळीकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं. अकराव्या मिनिटाला रेघ माथ्यावर गेली.

तिला समजायला बाराव्या मिनिटाची गरज पडली नाही. तरी ती म्हणाली, "परत." पेटी तापायची वाट बघितली, पुन्हा कळशी, पुन्हा तेच. "परत." तिसऱ्यांदा धोंडाबाई दारातून डोकावली आणि पेन चढताना बघून हरखली. "अगं बया! ह्ये म्या वर चढवलं व्हय?"

अनिता पायरीवर जाऊन बसली.

"सतराही?"

"सतराही, मॅडम."

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी. तुम्ही गुरुवारचं बोललात तेव्हा."

"आज गुरुवार आहे, सर." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पाच दिवस मी पुण्यात पेढे वाटतेय. जुलैत मी कमिटीपुढं काय ठेवू? कळशी?"

ज्ञानेशनं आत जाऊन टेबलावरचं पाकीट आणलं आणि तिच्या शेजारी पायरीवर ठेवलं.

"घोंगड्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "मी असते तर मीही घातलं असतं. पण लॉगबुकात का नाही लिहिलंत? एक ओळ! मी प्रत्येक ओळ वाचते. का नाही लिहिलंत?"

त्याला उत्तर माहीत होतं. अनितानं पाकिटावरचा पत्ता पेननं आडवा खोडला, पाकीट पिशवीत कोंबलं आणि चारच्या एसटीला निघाली. फाटकापर्यंत तो मागोमाग गेला. एसटीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता ती वळली. "शनिवारी येते मी. घोंगडं काढू नका, आता मोजून पाणी घालायचं. आणि तोवर लॉगबुक लिहून ठेवा. सगळं." एसटी गेली, धुरळा खाली बसला, तरी ज्ञानेश उन्हात तसाच उभा होता.

*

संध्याकाळी तो घरी जायच्या आधी देवळापाशी थांबला. थांबला कसला, थांबवला. कट्ट्यावर आबा बसलेले, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं, भोवती चार-सहा माणसं.

"आला बगा! काय रं ज्ञानू, झाली का सही? कधी येतंय छापून?"

चार लोकांत सांगू नये, घरी जाऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण अकरा वर्षांत त्यानं एवढं बोलणं पोटात ठेवलं होतं की आता एक अक्षरही ठेवायला जागा नव्हती.

"न्हाय येणार, आबा. सूर्वावर काय झालंच न्हवतं. पेटीवरचं घोंगडं सुकायचं, बाई पाणी घालायची, त्येनं रेघ हालायची. माझ्या चुकीनं त्या पोरीचं वरीस वाया गेलं."

कट्ट्यावर कुणीतरी खुदकन हसलं. आबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. "मग घोंगड्याचं वंगाळ झालं म्हण की."

"न्हाय आबा. घोंगडं चांगलं हाय. म्या ते वहीत लिवायला पायजे हुतं. लिवलं आसतं तर पोरीनं पयल्याच दिशी वळखलं आसतं."

"मग का न्हाय लिवलं?"

"लाज वाटली."

"कशाची?"

ज्ञानेशची नजर आबांच्या घोंगड्याकडं गेली. आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्यांचा हात आपल्या खांद्यावर गेला, घडीवर.

"ह्याची व्हय?"

त्यानं मान हलवली. हो अशीच हलली ती. आबा उठले, काठी घेतली, आणि लेकाला सोडून एकटेच घराकडं चालू लागले. घोंगडं खांद्यावरच होतं. ते त्यांनी घट्ट धरलं होतं.

शुक्रवारी ज्ञानेश फाटक उघडायच्या आधीच केंद्रावर पोचला. लॉगबुक काढलं, पाच जूनचं पान उघडलं आणि बसला. इंग्रजी शब्द शोधला नाही. मराठीत लिहिलं, ठळक, एकेक अक्षर सुटं:

'१५ एप्रिलपासून बाहेरच्या पेटीवर घोंगडं घातलेलं आहे. लोकरीचं, ओलं करून. आधी नोंद केली नाही, ती चूक माझी. घोंगडं माझ्या वडिलांचं.'

खाली सही केली. पूर्ण नावाची, ज्ञानेश जोतीराम मारकड.